पाच हप्ते थांबले, एकवीस वाढले: सिडकोतल्या एका घराचा कोरोनाकाळातला हिशोब

नाशिकच्या सिडकोत, पवननगरजवळच्या एका वन रूम किचनच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिळ्याला चालू वर्षाच्या कॅलेंडरमागे २०२० आणि २०२१ची दोन कालनिर्णय अजून टांगलेली आहेत. दूध, गॅसची टाकी, किराणा आणि डबे यांचे आकडे चौकटी-चौकटीत लिहायची त्या घरातल्या बाईंची सवय. मार्च २०२०च्या पानावर २१ तारखेपर्यंत रोज एकच आकडा आहे: १४. म्हणजे चौदा डबे. २२ तारखेची चौकट कोरी, तो जनता कर्फ्यूचा रविवार. २३ला ५. २४ला २. पुढे मेपर्यंत रोज २, २, २.

मी एका पतसंस्थेच्या कर्ज विभागात ३१ वर्षं काढून निवृत्त झालो. जुलै २०२१ मध्ये या बाईंनी मला घरी बोलावलं ते एवढ्यासाठीच, की "काका, एकदा बघून सांगा, आमचं नेमकं बिघडलं कुठे?" ही दोन कॅलेंडरं, गृहकर्जाचा उतारा, दवाखान्याची बिलं आणि एक शंभर पानी वही समोर ठेवून आम्ही चार रविवार बसलो. पुढचं सगळं त्यावरून लिहिलं आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत, हिशोबाला हात लावलेला नाही. डबे खाणारी पोरं त्यांना वहिनी म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो. त्यांच्या यजमानांना भाऊ.

घर पाच माणसांचं. भाऊ अंबड एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर, पण कंत्राटदाराच्या हजेरीपटावर. ओव्हरटाइम धरून हातात १८,५०० रुपये. वहिनींचे चौदा डबे, दोन वेळचे, महिना २,४०० प्रमाणे. ऐकायला ३३,६०० होतात, पण किराणा, भाजी, गॅस वजा जाता त्यांच्या हाती बारा हजार उरायचे. भाऊंची आई, वय ६६. मुलगी नववीतून दहावीत जाणारी, मुलगा पाचवीत. बँकेने दारात उभं केलं नाही म्हणून २०१६ला एका गृहवित्त कंपनीकडून कर्ज घेतलेलं. मार्च २०२०चा हप्ता ५ तारखेला गेल्यावर बाकी होती ८ लाख ४० हजार, व्याज साडेदहा टक्के, हप्ता ९,२८५, राहिलेले हप्ते १८०. तीस हजारांच्या घरात नऊ हजारांचा हप्ता म्हणजे ओढाताण खरी, पण आमच्या काळी अशा घरांना आम्ही 'चांगला कर्जदार' म्हणायचो. चार वर्षांत एकही हप्ता चुकलेला नव्हता.

आणि दोन हजारांची भिशी. गल्लीतल्या वीस बायका, दर महिन्याला ४० हजार एकीला, चिठ्ठी टाकून. ऑक्टोबर २०१९ला सुरू झालेली. ही भिशी लक्षात ठेवा.

आधी गेले डबे

लोक समजतात, लॉकडाउनमध्ये नोकरी गेली म्हणून घरं अडचणीत आली. या घरात आधी डबे गेले. डब्याचा धंदा उधारीवर चालतो. किराणावाला महिन्याने पैसे घेतो, पोरं महिना संपल्यावर देतात, मधल्या तीस दिवसांचं अन्न वहिनींच्या पदरचं. चौदापैकी बहुतेक पोरं धुळे, नंदुरबार, जळगावकडची, एमआयडीसीत नवीन लागलेली. २१ ते २३ मार्चदरम्यान मिळेल त्या वाहनाने गावी पळाली. तोवर प्रत्येकाचे साधारण १,७०० रुपये झालेले होते. सहा जणांनी फोनवरून पाठवले. आठ जणांचे १३,६०० अडकले, त्यातले तिघांचे दिवाळीत आले. उरलेले ८,५०० वहिनींनी वहीत लाल शाईने गोल करून ठेवलेत. किराणावाल्याचे ९,००० मात्र त्याच महिन्यात द्यायचे होते.

ते रोजचे '२' कोण, असं मी विचारलं. उत्तर प्रदेशातली दोन पोरं, जायला गाडीच नाही म्हणून खोलीवर अडकलेली. नाशिकरोडहून पहिली श्रमिक रेल्वे १ मेच्या रात्री भोपाळकडे सुटली, ही दोघं त्यानंतर मे महिन्यात कधीतरी गेली. तोवर त्यांचे दोन डबे चालू होते. पैशाच्या रकान्यात काही लिहिलेलं नाही. मी काही बोललो नाही, त्याही बोलल्या नाहीत.

भाऊंचा मार्चचा पगार पूर्ण आला, एप्रिलचा निम्मा. केंद्र सरकारने २९ मार्चला हुकूम काढला होता की बंदच्या काळातही मजुरी कापायची नाही. हा हुकूम १८ मेपासून मागे घेतला गेला. कंत्राटदाराने मेचं काहीच दिलं नाही आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फोन करून सांगितलं की सध्या येऊ नका. लेखी काही नाही. कंत्राटी माणसाला काढावं लागत नाही, बोलावणं थांबवलं की झालं.

'माफ झाला' हा शब्द

आता मुख्य गोष्ट. २७ मार्च २०२०ला रिझर्व्ह बँकेने कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलायची मुभा दिली, २२ मेला आणखी तीन महिने वाढवली, म्हणजे ३१ ऑगस्टपर्यंत. कंपनीचा एसएमएस इंग्रजीत होता. हप्ता भरायचा असेल तर कळवा, नाही कळवलंत तर सवलत घेतली असं धरू, अशा अर्थाचा. भाऊंनी तो मुलीकडून वाचून घेतला आणि घरात जाहीर केलं, "हप्ता माफ झाला."

माफ. हा शब्द त्या वर्षी सगळ्या सिडकोभर होता, रिक्षास्टँडपासून दूध डेअरीपर्यंत. टीव्हीवर 'दिलासा' म्हणत होते, लोकांनी त्याचं 'माफी' केलं. शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची सवय असलेल्या राज्यात हे होणारच होतं.

हप्ता थांबला, व्याज थांबलं नाही. एप्रिल ते ऑगस्ट पाच हप्ते गेले नाहीत. त्या पाच महिन्यांचं व्याज मुद्दलात चढत गेलं आणि सप्टेंबरला बाकी झाली ८ लाख ७७ हजार ४००. कंपनीने हप्ता तोच ठेवला, ९,२८५, आणि मुदत वाढवली. किती? आधी १८० हप्ते राहिले होते, आता २०१. पाच हप्ते थांबवले आणि एकवीस वाढले. रुपयांत सांगायचं तर पुढच्या सतरा वर्षांत दोन लाखांच्या थोडे खाली जादा.

पहिल्या रविवारी हा आकडा मी काढून दाखवला तेव्हा भाऊ म्हणाले, कंपनीने फसवलं. फसवणूक नव्हे. कर्जाच्या सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातला मोठा वाटा व्याजाचाच असतो. ८ लाख ४० हजारांवर साडेदहा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ७,३५० होतं, ९,२८५ मधले मुद्दलाला जातात फक्त १,९३५. म्हणून साडेसदतीस हजारांची भर फेडायला त्याच हप्त्याने एकवीस महिने लागतात. गणित चोख आहे. मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. मुदत तीच ठेवून हप्ता वाढवला असता तर तो ९,८१४ झाला असता. महिन्याला ५२९ रुपये जास्त, आणि एकूण जादा भरणा दोन लाखांऐवजी शेहेचाळीस हजारांच्या आसपास. हा पर्याय त्यांना कुणी सांगितला नाही. हप्ता वाढला तर कर्जदार ओरडतो, मुदत वाढली तर त्याला कळतही नाही, हे आमच्या धंद्यातलं जुनं शहाणपण. मीही ते वापरलेलं आहे.

व्याजावरचं व्याज परत मिळालं ना, असं कुणी विचारेल. मिळालं. २३ ऑक्टोबर २०२०ला सरकारने योजना काढली, दोन कोटींपर्यंतच्या कर्जांना मार्च ते ऑगस्टच्या सहा महिन्यांतला चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक सानुग्रह म्हणून. नोव्हेंबरात या खात्यावर जमा झाली जेमतेम हजाराच्या आतली रक्कम. वहिनींनी कॅलेंडरवर ती लिहून पुढे उद्गारचिन्ह काढलंय.

आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, उतरला त्याचं काय? फेब्रुवारी २०२०ला ५.१५ टक्के होता, मेअखेर ४ टक्क्यांवर आला. बँकांची नवी गृहकर्जं ऑक्टोबर २०१९पासून रेपोसारख्या बाहेरच्या मानदंडाला बांधलेली आहेत, तिथे हा उतार लवकर पोचला. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. या घराचं व्याज साडेदहा होतं, साडेदहाच राहिलं.

मिळालं काय, सुटलं काय

रेशनकार्ड केशरी, पण अन्नसुरक्षेच्या यादीत नाव नाही. त्यामुळे फुकट धान्य नाही. मे आणि जूनमध्ये राज्याने अशा कार्डांना माणशी तीन किलो गहू आठ रुपयांनी आणि दोन किलो तांदूळ बारा रुपयांनी दिले: पाच माणसांचे २४० रुपयांत पंचवीस किलो. वहिनींच्या जनधन खात्यात एप्रिल ते जून पाचशे-पाचशे आले. दीड हजार. गावाकडून, निफाड तालुक्यातल्या दिरांकडून एरवी मदत आली असती, पण त्यांची द्राक्षं ऐन मोसमाच्या शेवटी वेलीवर अडकली आणि बेदाण्याला गेली. त्यांनी बाजरीचं पोतं पाठवलं.

जूनमध्ये भाऊंनी भविष्यनिर्वाह निधीतून कोविडची उचल घेतली. नियम असा होता की तीन महिन्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या रकमेचा पाऊण हिस्सा, यातलं जे कमी असेल ते. मूळ पगार कागदावर अकरा हजारच दाखवलेला, म्हणून ३३ हजार मिळाले. ते जून, जुलै, ऑगस्ट असे तीन महिने पुरवले.

एक गोष्ट त्यांना मिळण्यासारखी होती आणि मिळाली नाही. भाऊंच्या पगारातून ईएसआयसीची, म्हणजे कामगार विम्याची, कपात व्हायची. ईएसआयसीची तेव्हा अटल विमित व्यक्ती कल्याण योजना होती. नोकरी गेल्यावर सरासरी रोजाच्या पंचवीस टक्के भत्ता मिळायचा. कोरोनाकाळात तो पन्नास टक्के केला होता, नव्वद दिवसांपर्यंत, आणि अर्ज थेट कामगाराला करता येत होता, मालकामार्फत जायची गरज नव्हती. ढोबळ हिशोबाने यांना सत्तावीस हजारांच्या आसपास मिळाले असते. सातपूरला ईएसआयसीचं रुग्णालय आहे, भाऊ तिथे आईच्या औषधांसाठी कितीदा तरी गेलेले. योजनेचं नाव त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकलं, नोकरी पुन्हा लागून नऊ महिने झाल्यावर. मग त्या वाटेला ते गेलेच नाहीत. "आता काय भांडायचं काका," एवढंच.

जून ते सप्टेंबर भाऊंनी हातगाडीवर भाजी विकली. पंचवटीतल्या बाजार समितीतून पहाटे माल उचलायचा, दुपारपर्यंत कॉलनीत फिरायचं. दिवसाला अडीचशे-तीनशे सुटायचे. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सिडकोत भाजीवाले एवढे झाले की गिऱ्हाईक कमी पडायला लागलं: रिक्षावाले, वेल्डर, मंडपवाले, सगळे कांदे-टोमॅटो घेऊन दारात. जूनमध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान स्वनिधी योजनेतून फेरीवाल्यांना दहा हजारांचं कर्ज मिळत होतं, पण त्यासाठी आधीपासूनचा फेरीवाला म्हणून नोंद हवी. भाऊ कामगार उरले नव्हते आणि फेरीवाला झालेले नव्हते.

सप्टेंबर २०२०

माझ्या मते घर कलंडलं ते या महिन्यात, एप्रिलमध्ये नव्हे. बंदच्या काळात सगळ्यांनीच सगळं थांबवलं होतं: हप्ता, शाळेची फी, वीजबिल, किराणा. महावितरणने एप्रिल-मेमध्ये मीटर वाचले नाहीत, सरासरीची बिलं लावली आणि जूनमध्ये सगळ्याचं मिळून एक बिल आलं, ५,४०० रुपये. घरात दिवसभर पाच माणसं, वर १ एप्रिलपासून नवे दर. तीन हप्त्यांत भरायची सोय मिळाली, त्यातला शेवटचा लांबत सप्टेंबरपर्यंत आला. शाळेची दोन मुलांची थकबाकी १८,०००. किराण्याची उधारी ११,०००. ऑनलाइन वर्गासाठी फोन ९,५००.

थांबवलेली देणी एकाच वेळी दारात आली आणि कमाई अजून आधीच्या निम्मीही नव्हती. हातगाडीचे साडेसात हजार आणि परत आलेल्या चार पोरांच्या डब्यांतून साडेतीन. त्यात ९,२८५चा हप्ता सुरू.

त्याआधी ऑगस्टमध्ये वहिनींनी दोन तोळ्यांच्या पाटल्या गहाण ठेवल्या होत्या. ६० हजार, महिना एक टक्का. सोनं तेव्हा इतिहासातल्या चढ्या भावाला होतं, दहा ग्रॅमला छप्पन्न हजारांच्या वर. रिझर्व्ह बँकेने त्याच महिन्यात बँकांना सोन्याच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची परवानगी दिली होती, तेव्हाची एरवीची मर्यादा पंचाहत्तर होती. गल्लीतल्या एकाने बँकेतून पुरे नव्वद उचलले. मार्च २०२१ मध्ये भाव चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजारांवर आला तेव्हा त्याला फरक भरा किंवा सोनं विकतो असा निरोप आला. वहिनींनी मिळत होते त्यापेक्षा बरेच कमी घेतले, म्हणून त्या वाचल्या. "लागतील तेवढेच घेतले, जास्त घेतले असते तर तेही गेले असते," असं त्यांचं म्हणणं.

आता कुणाचं आधी फेडायचं? वहीत सप्टेंबर-ऑक्टोबरचा क्रम स्पष्ट दिसतो. पहिला किराणावाला. दुसरी भिशी. मग शाळा, कारण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फी बाकी असलेल्यांची यादी पडत होती. मग वीज. सगळ्यात शेवटी गृहकर्ज. सप्टेंबर आणि ऑक्टोबर दोन्ही हप्ते खात्यात शिल्लक नाही म्हणून परत गेले, दर वेळी ५९० रुपये दंड.

मी कर्जवसुलीतला माणूस. दुसऱ्या रविवारी मी वहिनींना सरळ म्हटलं, की हा क्रम उलटा आहे. साडेदहा टक्क्यांचं कर्ज थकवायचं, दंड भरायचा, आणि शून्य व्याजाच्या भिशीत दोन हजार टाकत राहायचे, याला काय अर्थ? भिशी सोडून दिली असती, निदान अर्धी केली असती, तर एक तरी दंड वाचला असता. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "काका, एप्रिलचं पान बघा."

एप्रिल २०२१

मधल्या काळात घर थोडं सावरलं होतं. ऑक्टोबरात गाड्यांची मागणी परतली, अंबडमधल्या पाळ्या भरायला लागल्या, भाऊ दुसऱ्या कंत्राटदाराकडून त्याच कारखान्यात त्याच मशिनवर लागले, हातात १५,८००. डबे नऊवर आले. हप्ते नियमित झाले. मार्चअखेर नाशिकमध्ये रुग्ण पुन्हा झपाट्याने वाढले आणि बाजारात गर्दी नको म्हणून प्रवेशाला पाच रुपयांचं तिकीट लागलं. तासाभरात बाहेर पडायचं, नाहीतर पाचशे दंड. वहिनींना डब्याच्या भाजीसाठी पवननगरच्या बाजारात जावंच लागायचं. कॅलेंडरवर भाजीच्या आकड्यापुढे '५ तिकीट' असं लिहिलेलं आहे. नाशिककरांनी याचे विनोद पुष्कळ केले. नऊ डब्यांवर जगणाऱ्या बाईच्या हिशोबात मात्र तो एक रकाना होता.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आजींचा ऑक्सिजन उतरला. त्या दिवसांचं वर्णन मी करत बसत नाही. शहरातल्या महापालिकेच्या एका रुग्णालयात २१ एप्रिलला ऑक्सिजनची गळती होऊन वीसहून जास्त रुग्ण गेले, तो हा आठवडा. जिथे खाट मिळाली ते खासगी रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत नव्हतं. त्या रात्री यादी कुणी बघितली नाही. अनामत ५० हजार, आत्ता, तरच भरती.

भिशीचा तो सतरावा महिना. मध्ये एप्रिल आणि मे २०२० दोन महिने सगळ्यांनी ठरवून भिशी थांबवली होती, म्हणून जुलै २०२१ला संपणार होती. सोळा जणींना मिळून गेलेली, चार नावं उरलेली, त्यात वहिनी. भिशी चालवणाऱ्या मावशींना त्यांनी रात्री नऊला फोन केला. मावशींनी उरलेल्या तिघींना विचारलं. चिठ्ठी टाकलीच नाही. साडेदहापर्यंत चाळीस हजार जमले, काही फोनवरून, काही पिशवीत घालून जिन्यात आणून ठेवलेले, कारण घरात कुणी शिरत नव्हतं. घरातले दहा घालून अकराच्या आत अनामत भरली.

मी ३१ वर्षं कर्ज मंजूर केली आहेत. दोन हप्ते परत गेलेला, कंत्राटावर काम करणारा, सोनं आधीच गहाण असलेला माणूस रात्री नऊला माझ्याकडे आला असता, तर मी काय केलं असतं हे मला पक्कं माहीत आहे. सकाळी या, जामीनदार आणा.

म्हणून क्रमाबद्दल मी बोललेलं मी मागे घेतलं, पूर्ण नाही, पण बरंचसं. व्याजाच्या दराने लावलेला क्रम कागदावर बरोबर असतो. वहिनींचा क्रम वेगळ्या मोजमापाने लावलेला होता: पुढच्या अडचणीत कोण दार उघडेल. किराणावाल्याने लॉकडाउनमध्ये पाच महिने उधारी चालू ठेवली होती. भिशीने एका रात्रीत चाळीस हजार दिले. गृहवित्त कंपनी अडचणीत काही देणार नव्हती, ती फक्त दंड लावणार होती, आणि तो ५९० एवढाच होता. त्यांनी या शब्दांत विचार केला नसेल. पण फेडलं त्याच क्रमाने.

प्रत्येक भिशी अशी टिकली नाही, हेही सांगायला हवं. ज्यांना रक्कम आधी मिळून गेली होती त्यांनी पुढे भरणंच सोडलं आणि शेवटच्या बाया बुडाल्या, असे प्रकार मला याच भागातले तीन ठाऊक आहेत. ही टिकली कारण दोन महिने थांबायचा निर्णय सगळ्यांचा होता, आणि भरणं अशक्य झालेल्या दोघींना मावशींनी निम्मे भरायला सांगून उरलेले नंतर द्यायची मुभा दिली. आम्ही संस्थेत याला कर्जाची पुनर्रचना म्हणतो, त्याला तीन सह्या लागतात.

बिल

आजी आठ दिवसांनी चालत घरी आल्या. रुग्णालयाचं बिल १ लाख ६ हजार. साध्या वॉर्डाच्या खाटेला सरकारने ठरवलेला दर तेव्हा दिवसाला ४,००० होता. त्यात तपासण्या, नर्सिंग, डॉक्टरांची भेट, जेवण, नेहमीची औषधं धरलेली होती. पीपीई किट, महागडी औषधं, सिटी स्कॅन वेगळे. बिलात रोजच्या रक्ततपासण्या आणि नर्सिंग पुन्हा वेगळे लावले होते. महापालिकेने खासगी रुग्णालयांची बिलं तपासायला लेखापरीक्षक नेमलेले होते. भाऊंना हे कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने सांगितलं म्हणून ते बिल घेऊन गेले, आणि ११ हजार कमी झाले. (जूनपासून शहरांची वर्गवारी होऊन नाशिक 'ब' वर्गात आलं, तोच वॉर्ड ३,००० झाला. आजी मेच्या आधी बऱ्या झाल्या, त्याला काय करणार.) बाहेरून आणलेली औषधं २२ हजार, स्कॅन, घरच्यांच्या चाचण्या, रिक्षा मिळून पाच. एकंदर १ लाख २२ हजार.

भिशीचे ४०. दिरांनी या वेळी २५ पाठवले. पोस्टातली आवर्ती ठेव मोडून १५, अनामतीला घरातून घातलेले दहा त्यातच धरून. नव्या कंत्राटदाराकडून उचल १२. आणि उरलेले ३० हजार भाऊंनी घरात न सांगता एका ओळखीच्याकडून घेतले, पाच रुपये शेकडा. महिना पाच टक्के, म्हणजे वर्षाला साठ. नुसतं व्याज महिन्याला दीड हजार, मुद्दल तिथेच. तिसऱ्या रविवारी ही नोंद निघाली तेव्हा वहिनी उठून आत गेल्या आणि बराच वेळ चहा आला नाही.

हे कर्ज मात्र तोवर फिटलेलं होतं. ३१ मे २०२१ला भविष्यनिर्वाह निधीतून कोविडची दुसरी उचल घ्यायची परवानगी निघाली, भाऊंनी जूनमध्ये पुन्हा ३३ हजार काढले आणि मुद्दल-व्याज मिळवून ते टाकले. त्या निधीवर साडेआठ टक्के व्याज मिळत होतं. साडेआठ टक्क्यांचे पैसे काढून साठ टक्क्यांचं देणं फेडलं, हा दोन वर्षांतला त्यांचा सर्वांत चोख व्यवहार, आणि तो त्यांनी लपून केला. साठाव्या वर्षी त्या खात्यात काय असेल, हा प्रश्न मी काढला नाही.

एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्याने रिक्षावाले, फेरीवाले, घरकामगार, बांधकाम मजूर यांना दीड हजार दिले. डबे करणारी बाई कुठल्याच यादीत बसली नाही.

नंतर

मुलीची दहावीची परीक्षा झालीच नाही. अंतर्गत मूल्यमापनाचा निकाल १६ जुलै २०२१ला लागला, राज्यात ९९.९५ टक्के पास. तिचा क्लास मात्र फी न परवडल्यामुळे ऑक्टोबरातच सुटला होता आणि गणिताचा पाया कच्चा राहिला. अकरावीला विज्ञान घ्यायचं होतं, वाणिज्य घेतलं. शाळांची फी पंधरा टक्के कमी करायचा शासन निर्णय १२ ऑगस्टला निघाला. मुलाच्या शाळेने ती सवलत जुन्या थकबाकीत वळती करून घेतली.

पाटल्या मार्च २०२२ला सुटल्या. एकोणीस महिन्यांचं व्याज ११,४००. त्यानंतर माझ्या सांगण्यावरून गृहकर्जाचा हप्ता सहाशेने वाढवून घेतला, म्हणजे वाढलेली मुदत पुन्हा खाली येईल. मे २०२२पासून रेपो दर चढायला लागला, फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. दर उतरत होता तेव्हा वर्षभर ज्या कंपनीला तो दिसला नव्हता, तिला चढताना तिमाहीतच दिसला. वाढवलेले सहाशे त्यानेच गिळले.

डबे आता सतरा आहेत. पैसे पंधरा दिवसांनी आणि आगाऊ घ्यायचे, हा नियम वहिनींनी २०२१ मध्येच केला. एक-दोन पोरं कुरकुरली, राहिली. आजी औषधं वेळेवर घेत नाहीत म्हणून रोज एकदा बोलणी खातात. नवी भिशी तीन हजारांची आहे, बाया त्याच वीस. तिच्यात एक कलम नवीन आलंय: कुणाच्या घरी दवाखाना निघाला तर त्या महिन्याची चिठ्ठी टाकायची नाही. मावशींनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून खाली वीस जणींच्या सह्या घेतल्यात. गेल्या खेपेला गेलो तेव्हा वहिनींनी ते पान मला दाखवलं आणि विचारलं, "काका, हे असं लिहिलं की चालतं ना?"